जाऊन सांगणारी बाई

हेमाताई गेल्या हे मला कळलं तेव्हा मी पालघरमधल्या एका सरकारी कार्यालयाच्या बाकावर, त्यांच्याच एका जुन्या प्रस्तावाची फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो. प्रत्येक पानावर अर्जदाराची सही हवी होती आणि मधली दोन पानं सहीवाचून राहिली होती, एवढ्यासाठी फाईल परत आली होती. ती पानं घेऊन बोईसरला उतरायचं, तिथून घिवलीला जायचं, ताईंच्या सह्या घ्यायच्या आणि उद्या पुन्हा याच बाकावर येऊन बसायचं, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्या भाचीचा, रोहिणीचा फोन आला. "काका, मावशी गेली." मी विचारलं, "कुठे?" कारण ताई नेहमी कुठे ना कुठे गेलेल्याच असत.  रोहिणी म्हणाली, "ओट्यावर चपला घालायला बसली... ती उठलीच नाय."

आतून माझा पुकारा झाला तेव्हा मी उठून आत गेलो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. टेबलामागचा कारकून भला माणूस होता. त्यानं पानं उलटली आणि म्हणाला, "सह्या अजून राहिल्याच आहेत की." मी म्हटलं, "अर्जदार आत्ताच वारल्या." तो खरोखर हळहळला. मला खुर्ची दिली, कशानं गेल्या विचारलं. मग फाईल बंद करून माझ्याकडे सरकवत हळू आवाजात म्हणाला, "असं करा, मृत्यूचा दाखला जोडा, संस्था असेल तर तिचा ठराव जोडा, आणि नवा अर्जदार कोण ते कळवा. नाहीतर हे प्रकरण निकाली निघेल." मी मान हलवली. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं, हे आज लिहितानाही मला वाटतं, आणि म्हणूनच राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

संध्याकाळी घिवलीच्या किनाऱ्यावर माणसं बरीच होती. गावातल्या बायका कामं टाकून आल्या होत्या. सरावलीच्या चाळीतून कारखान्यांत काम करणाऱ्या काही बायका पाळी बुडवून आल्या होत्या. एका पुढाऱ्यानं दोन शब्द बोलताना ताईंचं अपुरं कार्य पूर्ण करण्याचं आश्वासन दिलं. ते कार्य काय होतं हे मात्र त्याला शेजाऱ्याला विचारावं लागलं. डोंगराकडच्या पाड्यांवरून, जिथे ताई सर्वांत जास्त चालल्या, तिथून एकही बाई आलेली नव्हती. त्यांना कळवणार कोण? कळवणारी बाईच सरणावर होती.

आमची ओळख पुस्तकामुळे झाली. मी तेव्हा पालघरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि हेमलता तामोरे तालुक्याच्या कोर्टात शिपाई होत्या. एक दिवस कोर्टाच्या मधल्या सुट्टीत त्या ग्रंथालयात आल्या. गणवेशाच्या साडीत, पायांत रबरी चपला. दारातूनच त्यांनी विचारलं, "मास्तर, कायद्याचं पुस्तक मराठीत हाय काय?" मी मास्तर नाही असं सांगून पाहिलं, पण पुस्तकांत बसणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता आणि मी शेवटपर्यंत मास्तरच राहिलो. त्यांना एवढंच हवं होतं, की ज्याच्या बाबतीत गुन्हा घडला त्याला खटल्याचं पुढे काय झालं हे कुणी सांगायचं, असं कुठे लिहिलं आहे का. मी दोन दिवस शोधून त्यांना एक पान काढून दाखवलं. पुढे नवा कायदा आला, त्यातही तपासाचं काय झालं ते कळवावं असं आहे. त्या दिवशी त्यांनी ओळीखाली बोट ठेवून तो मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "म्हंजे लिवलेलं हाय. मी समजत होते लिवलेलंच नाय, म्हनून कोन करत नाय."

कोर्टात पुकारा करायचं काम त्यांच्याकडे होतं. समुद्रावर वाऱ्याच्या विरुद्ध हाक मारायची सवय असलेल्या गावातली बाई, त्यामुळे आवाज असा की पुकारा झाल्यावर रस्त्यापलीकडच्या टपरीतला आरोपी हातातला चहा टाकून धावत येई. "शासन विरुद्ध अमुक अमुक हाजिर है..." हे त्या वर्षानुवर्षं ओरडत होत्या. एकदा मला म्हणाल्या, "शासनाचं नाव घेते, आरोपीचं घेते. मार खाल्लेला मानूस कुठं हाय यात? त्याचं डोसकं फुटलं आनि खटला शासनाचा!" मी त्यांना समजावू लागलो की गुन्हा हा समाजाविरुद्ध मानतात, म्हणून शासन... त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ते ऱ्हाऊ दे मास्तर. समाजाला टाके पडले काय?"

हे काम त्यांनी का सुरू केलं हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. डोंगराकडची एक बाई फडक्यात भाकरी बांधून कोर्टाच्या पायरीवर बसली होती. तिच्या लक्षात राहिलेल्या तारखेला ती आली होती. खटला मात्र महिन्यापूर्वीच संपला होता. आरोपी सुटला होता, कारण मुख्य साक्षीदार हजर झाला नव्हता. मुख्य साक्षीदार तीच होती. ती वीटभट्टीवर कामाला गेलेली असताना तिच्या नावाचं समन्स पाड्यावर गेलं आणि 'मिळून आली नाही' असा शेरा घेऊन परत आलं. हे तिला सांगायची पाळी ताईंवर आली. "तिनं मला शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं," ताई म्हणाल्या. "ती बोलली, बरा झाला तू सांगलास. आनि भाकर सोडून अर्धी मला दिली."  त्यांच्या ओठांच्या कडा अशा वेळी खाली वळत आणि चेहरा एकदम कठोर दिसे.

निवृत्तीनंतर त्यांनी सरावलीत, कामगारांच्या चाळीत, एक खोली भाड्यानं घेतली. भाडं पेन्शनमधून जाई. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी आखून दिलेली एक मोठी वही. रोहिणीच्या मोबाईलवर खटल्यांच्या तारखा बघायच्या, कोणाला जामीन मिळाला, कुठला निकाल लागला ते टिपायचं आणि ज्याला ते कळायला हवं त्याच्या घरी जाऊन सांगायचं. एवढंच काम. सल्ला नाही, समुपदेशन नाही, भाषण नाही. चाळीतली एक उत्तर प्रदेशची बाई रोज नळावर विचारी, "दीदी, उसका बेल हुआ क्या?" आणि ताई त्यांच्या घिवलीच्या हिंदीत ठणकावून सांगत, "नाय हुआ. हुआ तो मय खुद आयेगी. मय नाय आयी मतलब नाय हुआ. तू सो जा." ती बाई हसे. त्या हसण्यासाठीच ताई तशी हिंदी बोलत असाव्यात असा मला संशय आहे, कारण त्यांना चांगली हिंदी येत होती.

वहीचा शेवटचा रकाना संपर्क क्रमांकाचा होता. मीच तो ठेवला होता. पण डोंगराकडच्या नावांपुढे ताई तिथे क्रमांक लिहीतच नसत. तिथे त्यांच्या मोठ्या, उभ्या अक्षरात लिहिलेलं असे, 'जाऊन सांगणे'. मी म्हटलं, "ताई, हा रकाना फोनचा आहे." त्या म्हणाल्या, "फोन बाईचा नसतो मास्तर. फोन घराचा असतो. आनि घर कोनाचं?" मला तेव्हा ते बोलण्याच्या ओघात म्हटलेलं एक चांगलं वाक्य वाटलं. मी ते माझ्या डायरीत टिपूनही ठेवलं. वाक्यं टिपायची सवय असलेल्या माणसाला ती समजली आहेत असंही वाटू लागतं.

गुडघे बोलू लागले तेव्हा त्यांनी सरकारकडे मागायचं ठरवलं. एक फिरती बाई नेमता यावी, तिला एसटीचं आणि टमटमचं भाडं मिळावं, एवढीच मागणी. प्रस्ताव मी लिहायचो आणि ते घेऊन आम्ही दोघं जायचो. पीडितांच्या नुकसानभरपाईसाठी निधी असतो, पण तो आदेश झाल्यावर पीडितेला द्यायचा असतो. आदेश झाल्याचं तिला सांगायला जाणाऱ्याला त्यातून काही देता येत नाही. जिल्ह्याच्या नियोजनात नावीन्यपूर्ण कामांसाठी पैसे ठेवतात असं ऐकून गेलो, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "यात नावीन्य काय? चालत जाऊन सांगणं ही तर जुनीच पद्धत आहे." एका ग्रामपंचायतीनं मोठ्या मनानं शिलाई यंत्रं देऊ केली. ताई म्हणाल्या, "यंत्रावर काय शिवू, तारीख?" आणखी एका खात्यात सगळं जमत आलं होतं, पण प्रस्तावाला लाभार्थींची यादी हवी होती, आधार क्रमांक आणि छायाचित्रांसह. ताईंनी ते पान माझ्याकडून वाचून घेतलं आणि उभ्याउभ्या विचारलं, "साहेब, जिच्यावर नको ते झालं तिचा फोटो काढून तुमच्या भिंतीला लावायचा?" साहेब म्हणाले, "भिंतीला नाही हो, फाईलला." "फाईल कोन कोन बघतो?" साहेब कागद आवरू लागले. आम्ही उठलो. जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, "मास्तर, तुमी मराठी लय गोड लिवता. पन ह्यांना गोडाचा आजार झालाय."

सर्वांत प्रामाणिक उत्तर एका लेखाधिकाऱ्यानं दिलं. त्यानं प्रस्ताव पूर्ण वाचला, हे त्याचं पहिलं वेगळेपण. मग चष्मा काढून म्हणाला, "बाई, फलक लावायचे असतील तर पैसे आहेत. मेळावा घ्या, पैसे आहेत. पुस्तिका छापा, आहेत. पण सांगणे... सांगणे हे कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही." ताईंनी त्याला हात जोडले. परतीच्या वाटेवर त्या पालघर स्टेशनच्या पुलावर थांबून म्हणाल्या, "आरोपीला तारीख सांगायला पोलीस जातो, त्याला भत्ता हाय. वकिलाला सांगायला कारकून हाय. आमच्या बाईला सांगायचं झालं की शीर्ष नाय." त्यानंतर आम्ही पुन्हा त्याच पुलावरून अनेकदा गेलो. दरवेळी नवा नमुना, नवं परिशिष्ट, पुन्हा त्रुटी. मी प्रस्ताव अधिकाधिक नेटके करत गेलो. आपल्या प्रयत्नांत काही कमी आहे म्हणूनच हे अडतं आहे, अशी माझी समजूत होती. माझं सगळं आयुष्य अशा समजुतीवर गेलं आहे.

आता कमळबद्दल लिहिलं पाहिजे. हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव छापलं तर ताई मला माफ करणार नाहीत. सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी तिच्या आईचा पाडा आहे. नवऱ्यानं तिच्यावर कोयत्यानं वार केले, डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि तो पकडला गेल्यावर ती लेकीला घेऊन आईकडे येऊन राहिली. तिला झोप लागत नसे. वाऱ्यानं दार वाजलं तरी ती लेकीला उचलून उभी राही. ताईंनी तिला शब्द दिला होता. मला तो ठाऊक आहे, कारण त्यांनी तो वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवला होता: 'तो सुटला तर त्याच्या आधी मी पोचणार, असे सांगितले आहे.' या एका ओळीवर ती बाई झोपू लागली होती.

त्याच सुमारास एका खात्यानं आमच्या प्रस्तावात रस घेतला. तरुण अधिकारी होता, नम्र, कामसू. तो म्हणाला, "आता सगळं यंत्रणेतून होईल. आरोपीचा जामीन झाला की पीडितेला आपोआप संदेश जाईल. तुमच्या वहीतली माहिती आमच्या नमुन्यात भरून द्या, तुमचं काम पथदर्शी म्हणून दाखवतो, मग फिरत्या बाईच्या मानधनाचंही बघू." ताईंना ते फारसं पटलं नव्हतं, पण मानधनाच्या शब्दावर त्या थांबल्या, कारण गुडघे थांबवत होते. नमुना मी घरी आणून भरला. संपर्क क्रमांकाच्या रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: रकाना रिक्त असल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही. वहीत त्या रकान्यात जागोजागी 'जाऊन सांगणे' होतं. ते तर तिथे लिहिता येत नव्हतं... मी पोलिसांकडच्या फिर्यादींच्या प्रती काढल्या आणि त्यांत जे क्रमांक होते ते एकेक करून भरले. चार दिवस बसून, सुवाच्य अक्षरात. एकही रकाना मोकळा राहिला नाही, याचं मला समाधान वाटल्याचं आठवतं. आयुष्यभर मी ग्रंथालयाची कार्डं भरली. मोकळी जागा दिसली की माझा हात तिकडे जातो. ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवून सह्या केल्या.

पुढच्याच महिन्यात ताईंना छातीत दुखू लागलं आणि बोईसरच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. त्या दिवसांत कमळच्या नवऱ्याला जामीन मिळाला. ती नोंद मी रोहिणीच्या मोबाईलवर स्वतः वाचली. आदेशात अट होती की त्यानं कमळच्या पाड्यावर जायचं नाही. मी सफाळ्यालाच राहतो. माझ्या घरापासून तो पाडा लांब नाही. माझे गुडघे चांगले आहेत. मी गेलो नाही. संदेश जाईल, अशी व्यवस्था आता झाली आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ताईंना आजारपणात कशाला त्रास, म्हणून त्यांनाही सांगितलं नाही.

संदेश गेला. कमळचं आधार कार्ड ज्या क्रमांकाला जोडलेलं होतं तोच फिर्यादीत आला होता आणि तोच मी रकान्यात भरला होता. तो क्रमांक तिच्या नवऱ्याचा होता. सुटल्यावर त्यानं भावाकडून आपला फोन परत घेतला तेव्हा संदेश त्यात येऊन पडलेलाच होता. भर दुपारी तो पाड्यावर गेला, तिच्या आईच्या उंबऱ्यावर बसला आणि त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. "बघ, सरकारनं तुला कळवलंय, मी सुटलो म्हनून." शेजारी जमले तसा तो हसत उठून गेला. हात लावला नाही. त्याला तशी गरजच नव्हती. संध्याकाळच्या आत कमळ लेकीला घेऊन निघून गेली. कुठे, ते आईनं कुणालाच सांगितलं नाही.

ताई घरी आल्याच्या चौथ्या दिवशी रिक्षा करून पाड्यावर गेल्या आणि तिथे त्यांना सगळं कळलं. मग त्या तशाच माझ्याकडे आल्या. ती आमची शेवटची नीट भेट. मी कपाटातून नमुन्याची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली, कारण लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी कमळच्या नावासमोरचा क्रमांक पाहिला, माझं अक्षर पाहिलं. मी म्हटलं, "रकाना मोकळा ठेवला असता तर फॉर्म परत आला असता, ताई." त्यांनी प्रत घडी घालून माझ्यापुढे सरकवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "परत आलं आसतं. तेवढंच ना?"

याबद्दल यापेक्षा जास्त त्या मला कधीच काही बोलल्या नाहीत. मी वाट पाहत राहिलो. रागावल्या असत्या तर मला माझी बाजू मांडता आली असती.

उरलेले दिवस त्यांनी एकाच कामात घातले. अट मोडून तो पाड्यावर गेला होता, म्हणून जामीन रद्द व्हावा यासाठी त्या सरकारी वकिलांच्या मागे लागल्या. कमळच्या आईला आणि दोन शेजाऱ्यांना घेऊन पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेल्या, एकदा बसवून ठेवलं तेव्हा दिवसभर बसल्या. शेजाऱ्यांतला एक जण घाबरून मागे सरला, तर त्याला म्हणाल्या, "तू बोलू नको बाबा, नुसता माझ्या बाजूला बस. माझं वजन वाढंल." तो बसला, आणि बोललाही. कमळला मात्र त्या शोधू शकल्या नाहीत. तिची आई दर वेळी तेच सांगे, "बाय, तुला सांगला तं तुझ्या तोंडून नाय फुटनार, पन तुझ्या पायांनी फुटंल. तू जाशील नं?" ताईंना ते पटलं. पुन्हा विचारलं नाही. जामिनावरच्या सुनावणीची तारीख लागली आणि ती यायच्या आधी, त्या दिवशी चपला घालता घालता, त्या गेल्या.

त्यानंतर बोईसर स्टेशनबाहेर त्यांचा मोठा फलक लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, कोपऱ्यात हात जोडलेले पुढारी. त्यांच्या हयातीत मेळाव्यांना आणि फलकांना पैसे होते, तसे मेल्यावरही निघाले. एका पत्रकातून असंही कळलं की पथदर्शी उपक्रम यशस्वी झाला आहे आणि आमच्या यादीतल्या सगळ्यांना पाठवलेले संदेश पोहोचले आहेत. सगळ्यांना. म्हणजे कमळलाही. मी खात्याला पत्र लिहून तो क्रमांक बदलायची विनंती केली. पत्राची पोच माझ्याकडे आहे.

सुनावणी ताईंच्या माघारी झाली. जामीन रद्द होऊन कमळचा नवरा पुन्हा आत गेला. हे तिला कोण सांगणार होतं? नियमाप्रमाणे संदेश निघालाच असला, तर तो त्याच फोनवर गेला असणार. मी आदेशाची प्रत घेतली आणि पाड्यावर गेलो. कमळच्या आईला दोन्ही गोष्टी सांगितल्या, तो आत गेल्याची आणि ताई गेल्याची. म्हातारी पदर तोंडाला लावून बसून राहिली. शेवटी म्हणाली, "ती डहानूकडं चिकूच्या वाडीत हाय. माझ्याकडं फोन नाय. तूच जाऊन सांग तिला."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. वाडीत झाडाखाली चिकूंची रास घालून चार-पाच बायका फळं निवडत बसल्या होत्या. तिची लेक गोणपाटावर झोपलेली होती. बोटं नसलेल्या हातानं कमळ इतक्या सफाईनं चिकू फिरवत होती की मी आधी तिला ओळखलंच नाही. एकदाच, सरावलीच्या खोलीत, मी तिला ताईंसमोर बसलेली पाहिलं होतं. काय बोलायचं ते मी गाडीत पाठ केलं होतं, आधी चांगली बातमी सांगायची, ती जरा सावरली की मग दुसरी. पण तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पाठ केलेलं पहिलं वाक्यच मला आठवेना. मी म्हटलं, "जरा पाणी देशील?"

तिचा हात थांबला. हातातला चिकू तिनं राशीत हळूच ठेवला आणि बसल्या जागी लेकीकडे सरकली. "सुटला काय?"

"नाही, नाही," मी घाईनं म्हणालो. "परत आत गेला. जामीन रद्द झाला त्याचा. तेच तर सांगायला आलोय." आदेशाची प्रत पिशवीतून काढून मी तिच्यापुढे धरली. तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. ती माझ्याच तोंडाकडे बघत होती.

"मंग पानी कशाला मांगलास?" ती म्हणाली. "बायला वाईट सांगायचा असला, तवाच ती आधी पानी मांगं."

ताईंची ही रीत मला ठाऊक नव्हती. इतकी वर्षं त्यांचे अर्ज लिहिले, वह्या आखल्या, कार्यालयांचे जिने चढलो... पण त्या कुणाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी एकदाही बरोबर नव्हतो.

कमळ उठली. झाडाच्या बुंध्याशी ठेवलेल्या हंड्यातून तिनं तांब्या भरला, माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर जमिनीवर ताठ बसली. बाकीच्या बायकांनीही हात थांबवले होते.

"पी," ती म्हणाली. "पी आनि सांग."